मोफत शिबिरातली इन्फ्रारेड गादी: चाळीस हजारांना विकली जाणारी साधी ऊब

सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की तालुक्याच्या गावी मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन ‘मोफत इन्फ्रारेड थेरपी शिबिर’ लागतं. दहा-पंधरा दिवस, रोज अर्धा तास, दगड बसवलेल्या गरम गादीवर झोपायचं. पैसे नाहीत, नाव आणि मोबाईल नंबर तेवढा लिहून द्यायचा. कापूस वेचून, निंदून, ऊस तोडून ज्यांचे गुडघे झिजले त्या बायाबापड्यांना तिथं बरं वाटतं, आणि ते खरंच वाटतं. सगळी फसवणूक याच खऱ्या आरामावर उभी आहे.

शेक दिला की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल होतात आणि तास-दोन तास दुखणं कमी जाणवतं. शिबिरवाला त्यालाच ‘मुळापासून बरं होणं’ म्हणतो. शेवटच्या दोन दिवसांत “आई, आता थेरपी सोडली तर दुखणं दुप्पट होऊन येईल” अशी भीती घालतात आणि गादी चाळीस हजारांना गळ्यात मारतात. रोख नसेल तर तिथंच आधार कार्ड आणि ओटीपी घेऊन हप्ते बांधतात. पावती मागितली तर साध्या कागदावर ‘डिपॉझिट’ किंवा ‘देणगी’ लिहून मिळतं. त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना यंत्राचा क्रमांक.

इन्फ्रारेड म्हणजे कुठल्याही गरम वस्तूतून बाहेर पडणारे, डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण. ३७ अंशांच्या आपल्या शरीरातून निघणाऱ्या किरणांचा जोर साधारण ९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लहरींवर असतो, ५० अंशांना तापलेल्या गादीचाही जवळपास तिथंच. चुलीपाशी तापवलेली वीटही तेच किरण देते. दगड जेडचा असो की टुर्मलिनचा, त्यानं त्यात काही वेगळं घडत नाही. ‘किरण हाडापर्यंत सहा इंच आत जातात’ हे तर धादांत खोटं. या लांब लहरी कातडीच्या पहिल्या मिलिमीटरच्या आतच शोषल्या जातात, इन्फ्रारेड दिव्यातल्या आखूड लहरी काही मिलिमीटर जातात. पुढं ऊब पोचते ती रक्तातून आणि मांसातून. सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेली मऊ कूर्चा झिजली, की ती उबेनं पुन्हा वाढत नाही.

लोकांचा विश्वास बसतो तो प्रयोगांमुळे, म्हणून ते नीट समजून घ्या. पहिला मोबाईलचा. गादीतले बारीक दिवे डोळ्यांना दिसत नाहीत, कॅमेऱ्यातून जांभळट चमकतात, आणि ‘हे बघा किरण’ म्हणतात. घरी टीव्हीचा रिमोट पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बहुतेक फोनवर तीच चमक दिसेल. त्या दिव्यांची ताकद शेकायला कुठल्याच उपयोगाची नसते.

दुसरा प्रयोग हाताचा. माणसाला हात आडवा ताठ धरायला सांगतात आणि मनगटाजवळ दाबतात, हात लगेच खाली येतो. मग गादीवर बसवून पुन्हा दाबतात, हात हलत नाही, टाळ्या पडतात. दुसऱ्या वेळी दाबणाऱ्याची बोटं कुठं आहेत ते बघा: ती कोपराकडं सरकलेली असतात. खांद्यापासूनचं अंतर कमी झालं की तेवढ्याच जोरानं हात खाली येत नाही.

तिसरा प्रयोग टबाचा. पाय बुडवले की पाणी तपकिरी होतं आणि ‘हे शरीरातलं विष’ म्हणतात, पण ते विष नव्हे. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंडी पट्ट्या गंजतात. पाय न घालता टब चालू करायला लावा, पाणी तसंच तपकिरी होतं.

यंत्र घरी आलंच असेल तर विजेच्या मीटरवर तपासा. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त ते चालू ठेवा. मीटरवर ३२०० इम्पल्स (एका युनिटला ३२०० लुकलुक) लिहिलं असेल, तर १५० वॅटच्या यंत्राला मिनिटाला ८ वेळा लाल दिवा लुकलुकला पाहिजे. ‘इन्फ्रारेड लॅम्प’ म्हणून विकलेला लाल एलईडी असेल, तर एक लुकलुक दिसायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. त्याच्यासमोर हात धरला तरी ऊब लागत नाही.

खरा १५० वॅटचा लॅम्प दोन-तीन हजारांत मिळतो. तो उघड्या सांध्यापासून दीड-दोन फुटांवर, १५ ते २० मिनिटं ठेवायचा. ऊब सुखद वाटली पाहिजे, चटका नाही. डोळे झाकून घ्या. आधी बाम किंवा दुखणं थांबवणारं जेल लावलं असेल तर ते धुऊन टाका, नाहीतर भाजतं. शेक संपला की लगेच गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, असं दहा वेळा. मांडीचा स्नायू बळकट होतो आणि टिकणारा फरक त्यातूनच पडतो. शेक ही फक्त त्याची तयारी.

पैसे गेल्याहून वाईट नुकसान पुढचं आहे. मधुमेहानं तळपाय बधिर झालेल्या माणसाला गादी भाजते आणि त्याला कळतच नाही; सकाळी फोड दिसतो, मग जखम चिघळते. थर्मोस्टॅट, म्हणजे जास्त तापल्यावर आपोआप बंद करणारी कळ, नसलेली गादी गोधडीखाली रात्रभर चालू ठेवली, तर हा धोका फार वाढतो. रोज त्याच जागी जास्त शेकलं की कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल, ताजी मुरगळ असेल, किंवा एकाच पायाची पोटरी अचानक सुजली असेल, तर शेकू नका, डॉक्टरला दाखवा. ‘साखरेच्या, बीपीच्या गोळ्या बंद करा’ असं कुणी शिबिरात म्हणालं, तर तिथून उठून या.

तपासायचंच असेल तर लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा संभाजीनगरचं सरकारी घाटी रुग्णालय इथल्या अस्थिरोग विभागात जा आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी मागा.

पैसे गेले असतील तर पत्रक, पावती, हप्त्याचे मेसेज आणि शिबिरातले व्हिडिओ जपून ठेवा. संधिवात, मधुमेह, लकवा बरा करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं गुन्हा आहे. ते पत्रक अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रारीसोबत द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. हप्ते मात्र नुसते थांबवू नका, सिबिल (कर्जफेडीची नोंद) बिघडतं. कर्ज देणाऱ्या कंपनीला आधी लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या, आणि ओटीपी तुम्हाला न सांगता वापरला असेल तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.