हत्यारांचं कपाट की उघडी भिंत?

नीटनेटक्या सुतारखोलीत नजर आधी हत्यारांच्या कपाटावर जाते. दारं उघडली की प्रत्येक पटाशीला तिच्या मापाची खाच, रंध्यांसाठी उतरता कप्पा, दाराच्या आतल्या बाजूला करवती. पियानो बनवणाऱ्या हेन्री स्टडलीने अशाच एका कपाटात सुमारे 300 हत्यारं बसवली. बंद केलं की उंची साधारण 39 इंच. बघतच राहावं असं काम! शिवाय आत भुसा कमी शिरतो. पोलादावर साचलेला भुसा ओलावा धरतो आणि गंज चढतो. पण नवं हत्यार आलं की खाच कुठून आणायची? उघड्या भिंतीवर खुंटी हलवली की झालं, हातही पटकन पोचतो. हातोडीला आणि काटकोन तपासायच्या गुण्याला मी भिंतच देईन; धारेच्या हत्यारांना मात्र कपाट हवंच.