फेदर डस्टर घ्यायचाय? मऊ नळीचा, चुन्याच्या नळीचा की झुपक्याचा

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे रुळले, दगडांवर जांभळट थर चढू लागला, की नजर दुकानातल्या एका वेगळ्याच प्राण्याकडे जाते. वाळूत रोवलेली मळकट नळी आणि तिच्या तोंडाशी उमललेलं मोरचेल. टाकीवर हाताची सावली पडली की मोरचेल क्षणात गडप. हा फेदर डस्टर. गांडुळाच्याच संघातला, वलयी प्राणी. फरक इतकाच की हा बसल्या जागी पाणी गाळून पोट भरतो.

मात्र या एका नावाखाली निदान चार तऱ्हेचे प्राणी विकले जातात आणि प्रत्येकाची गरज निराळी. गिऱ्हाईक बहुधा तुऱ्याचा रंग पाहून निवड करतं. मीही पहिल्यांदा तसंच केलं. आता कोणी विचारलं तर सांगतो, आधी नळी पाहा. नळी मऊ आहे की कडक, यावरून पुढची सगळी देखभाल ठरते.

मऊ नळी आणि चुन्याची नळी

मऊ नळीचा मोठा फेदर डस्टर म्हणजे साबेलास्टार्टे. दुकानात तो ‘हवाईयन’ किंवा ‘इंडियन’ या नावानं मिळतो. तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा तुरा, कधी जांभळट झाक. नळी चामड्यासारखी, हाताला लवचीक. ही नळी तो कशी बांधतो ते समजून घेण्यासारखं आहे. तुऱ्याच्या प्रत्येक पिसाला दोन्ही बाजूंनी बारीक उपपिसं असतात आणि त्यांच्यावर लव असते. लव हलत राहते, पाणी तुऱ्यात ओढलं जातं आणि त्यातले कण पन्हळीतून वाहावं तसे पिसांवरून खाली तोंडाकडे येतात. तिथे त्यांची निवड होते. मोठे कण टाकून दिले जातात, अगदी बारीक खाल्ले जातात आणि मधल्या आकाराचे स्वतःच्या चिकट स्रावात कालवून नळीच्या काठावर थापले जातात. म्हणजे अन्न आणि बांधकामाचा माल एकाच चाळणीतून येतो. टाकीत वाळू आणि थोडा गाळ असेल तर त्याला बांधायला काही कमी पडत नाही.

चुन्याच्या नळीचा तो प्रोट्युला, बाजारातलं नाव कोको वर्म. लालभडक किंवा केशरी तुरा, दोन फिरक्यांचा, आणि खाली पांढरी, कडक नळी. देखणेपणात साबेलास्टार्टे याच्या पासंगालाही पुरत नाही, हे मान्य. पण ही नळी चुनखडीची असते आणि त्यासाठीचं कॅल्शियम तो पाण्यातून घेतो. त्यामुळे कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), केएच म्हणजे पाण्याची कार्बोनेट कठीणता 8 ते 10 आणि मॅग्नेशियम 1300 च्या आसपास टिकवावं लागतं. नुसतं एकदा आणून ठेवायचं नाही, महिनोन्‌महिने टिकवायचं. टेस्ट किट घरात नसेल किंवा असूनही आठवड्याला हात लागत नसेल, तर कोको वर्म घेऊ नका. फक्त मासे असलेल्या टाकीत सहसा कोणी कॅल्शियम मोजत नाही आणि तिथेच हा हळूहळू खंगतो.

दोघांमधला खरा फरक संकटात दिसतो. मऊ नळीवाल्याची नळी फाटली किंवा तो स्वतःच ती सोडून बाहेर आला, तरी आशा असते. वाळूवर एखाद्या उलट्या ठेवलेल्या गाळणीखाली त्याला माशांपासून आडोसा दिला तर तो नवी नळी बांधायला घेतो. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. तिसऱ्या दिवशी त्याच्याभोवती वाळू लागलेली पारदर्शक पिशवी दिसली आणि जीव भांड्यात पडला. कोको वर्म नळीबाहेर आला तर तो सहसा वाचत नाही. शिवाय कडक नळी दगडावरून घसरून पडली की तडकते आणि आतला जीव उघडा पडतो. म्हणून तो ठेवायचा तर दोन दगडांच्या खाचेत, हलणार नाही असा, नळीचं तोंड मोकळ्या पाण्याकडे करून.

पोटाचा प्रश्न

नळीचं एवढं सांगितलं, पण घरच्या टाक्यांमध्ये हे प्राणी मरतात ते उपासमारीनं, आणि फार सावकाश. म्हणून ती कोणाच्या लक्षातच येत नाही.

माझा पहिला फेदर डस्टर साबेलास्टार्टेच होता. टाकी तीन महिन्यांची, पाणी काचेसारखं स्वच्छ, स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारं यंत्र) दिवसरात्र चालू. दुकानदार म्हणाला होता, काही घालावं लागत नाही, पाण्यातलं खातो. तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठून पाहतो तर तुरा गळून वाळूवर पडलेला. नळी फेकू नका, असं एका जुन्या छांदिष्टानं सांगितलं म्हणून ठेवली. महिन्याभरात नवा तुरा आला, पण आधीच्या निम्मा. तोही गळला. तिसरा आला तो बोटाच्या पेराएवढा, आणि त्यानंतर नळी रिकामीच राहिली. तुरा टाकणं हे फेदर डस्टरचं मरण नव्हे. पाण्यात अचानक बदल झाला किंवा माशानं कुरतडलं तरी तो तुरा टाकतो आणि पुन्हा उगवतो. नवा तुरा आधीएवढा किंवा मोठा आला तर काळजी नको. दर वेळी लहान होत गेला, तर तो स्वतःच्या अंगातलं साठवण खर्च करतो आहे, हे ओळखावं. मला ते तेव्हा ओळखता आलं नाही.

याला लागतात अगदी सूक्ष्म कण. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कवचधारी प्राण्याची नुकती फुटलेली पिल्लं सुमारे 400 मायक्रॉनची असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ती माशांना ठीक, याला फार मोठी. खरं अन्न म्हणजे जिवंत सूक्ष्म शैवाल. नॅनोक्लोरॉप्सिस 2 ते 4 मायक्रॉनचं, आयसोक्रायसिस त्याहून थोडं मोठं, टेट्रासेल्मिस साधारण 10 मायक्रॉनचं. एकाच जातीवर न थांबता मिश्रण द्यावं. नॅनोक्लोरॉप्सिस घरी वाढवणं अवघड नाही. प्लास्टिकची स्वच्छ बाटली, मिठाचं पाणी, हवेची नळी, एक ट्यूबलाइट आणि शैवालाचं खत. आठ-दहा दिवसांत पाणी गर्द हिरवं होतं, मग निम्मं काढायचं आणि निम्म्याला पुन्हा पाणी-खत घालायचं. दही विरजण्यासारखंच आहे हे, विरजण जपलं की पुढचं चालू राहतं.

देताना मुख्य पंप पंधरा-वीस मिनिटं आणि स्किमर तासभर बंद ठेवायचा. ड्रॉपरनं तुऱ्याच्या वरच्या बाजूला शैवाल अलगद सोडायचं, तुऱ्यावर जोरात मारायचं नाही, नाहीतर तो मिटतो आणि सगळं वाया. पंप परत चालू करायचा मोबाइलवर गजर लावून ठेवा. भरपूर एकदम ओतण्यापेक्षा रोज थोडं देणं बरं, नाहीतर नायट्रेट वाढतं. चारही प्रकारांना हे लागू आहे. कोको वर्मला याशिवाय वरचा कॅल्शियमचा हिशेब सांभाळावा लागतो, म्हणून तो मला पहिल्या फेदर डस्टरसाठी योग्य वाटत नाही.

झुपक्याचे आणि फुकटचे

बिस्पिरा हा कॅरिबियन समुद्रातला, झुपक्यानं वाढणारा लहान प्रकार. नळ्या मऊ, एकमेकींना चिकटलेल्या, तुरे छोटे. तो शरीराचे तुकडे पाडून स्वतःच वाढतो, त्यामुळे एकाची वस्ती होते. एखाददुसरा तुरा गेला तरी झुपका राहतो. हा आपल्याकडे कधीमधीच मिळतो, पण मिळाला तर लहान टाकीसाठी मी साबेलास्टार्टेच्या आधी यालाच पसंती देईन.

आणि मित्राच्या टाकीतून आणलेल्या दगडावर किंवा गोगलगाईच्या शंखावर जे टाचणीच्या डोक्याएवढे तुरे आपोआप येतात, ते खरवडू नका. काचेवर पांढरी, गोगलगाईसारखी वळलेली इवलीशी नळी दिसली की नवे लोक घाबरतात. तोही नळीत राहणारा कृमीच आहे, कोणाला त्रास देत नाही. हे फुकटचे पाहुणे वाढत असतील तर तुमच्या पाण्यात बारीक अन्न आहे. मोठा फेदर डस्टर घ्यायचा की नाही, याची यापेक्षा चांगली चाचणी मला माहीत नाही.

ख्रिसमस ट्री वर्म नको

स्पायरोब्रँकस, ज्याला ख्रिसमस ट्री वर्म म्हणतात, दिसतो दोन चिमुकल्या दीपमाळा शेजारी उभ्या केल्यासारखा. निळा, पिवळा, लाल. मोह होणारच. पण तो एकटा नसतो. त्याची नळी जिवंत पोरायटिस प्रवाळात रुतलेली असते आणि प्रवाळ तिच्याभोवती वाढत जातं. प्रवाळ मेलं की कृमीचाही निभाव सहसा लागत नाही. म्हणजे तुम्हाला प्रवाळाचा जोरदार प्रकाश, कॅल्शियम आणि शैवालाचं अन्न हे तिन्ही सांभाळायचं.

आणि पोरायटिस हे दगडी प्रवाळ आहे. 2001 मध्ये दगडी प्रवाळं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आली. आपल्या समुद्रातून ती काढणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 चं नियंत्रण आहे. कोणी ‘कागद आहेत’ म्हणालं तरी मी घेणार नाही. ज्याला हा पाहायचा आहे त्यानं अंदमानात स्वराज द्वीपच्या पाण्यात डोकं घालावं. तिथे तो आपल्या जागी दिसतो.

टाकी कशी हवी

टाकी निदान सहा महिन्यांची असावी. तापमान 24 ते 27 अंश, सॅलिनिटी (खारटपणा, विशिष्ट गुरुत्वात) 1.023 ते 1.025, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये पंख्यानं भागत नाही, चिलर लागतो. पाणी आटलं की मीठ वाढतं, म्हणून रोज गोड आरओ पाण्याची भर घालायची, मिठाच्या पाण्याची नाही. लाइट जाणाऱ्या भागात बॅटरीवरचा एअर पंप ठेवा.

तांबं या प्राण्यांना मारतं. जुनी टाकी विकत घेतली असेल तर तिच्यात माशांच्या आजारासाठी तांब्याचं औषध घातलं होतं का, हे आधी विचारा. दगड आणि वाळू ते शोषून ठेवतात आणि पुढे सोडत राहतात. सोबतीचे मासेही पाहून घ्या. बटरफ्लाय, एंजल, पफर, ट्रिगर यांना तुरा म्हणजे खाऊ. क्लाउन, गोबी, क्रोमिस चालतात. हर्मिट खेकडे काहींकडे गुण्यागोविंदानं राहतात, काहींकडे नळी कुरतडतात, म्हणून मी ते ठेवत नाही.

दुकानात गेल्यावर टाकीवरून हाताची सावली फिरवा. अनेक जातींच्या पिसांवर प्रकाश जाणवणारे डोळ्यांसारखे ठिपके असतात. सावली पडली की निरोगी प्राणी झटक्यात आत जातो. सावकाश मिटणारा किंवा अर्धाच आत जाणारा सोडून द्या. नळीचं खालचं टोक चेपलेलं, फाटलेलं किंवा वास येणारं नको. पिशवीत घेताना नळी पाण्याखालीच राहू द्यायला सांगा. घरी ठिबक पद्धतीनं तासभर तुमच्या टाकीचं पाणी मिसळत जा, मग मऊ नळीचं खालचं टोक वाळूत किंवा खाचेत अलगद रोवा, दाबू नका. प्रवाह मध्यम हवा, तुरा डुलेल इतका, वाकून राहील इतका नाही. पहिले दोन-तीन दिवस तो उघडला नाही तरी हात लावू नका. नळीच्या तोंडाशी पिसांची टोकं दिसत असतील तर तो आत आहे आणि वाट पाहतो आहे.