कूसीच्या किल्ल्याची व्हॅन-सहल : पाचपैकी साडेतीन

लेकीकडे पॅरिसला आले होते, तेव्हा जावयांनी ही एका दिवसाची सहल बुक करून दिली. तक्रार करायची आहे म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलाय, त्यामुळे गाइडची उलटतपासणी आपोआपच होते.

किल्ला मात्र बघण्यासारखाच. लाँ आणि सुआसाँ या गावांच्या मध्ये, टेकडीच्या टोकावर. 'राजा नाही, राजपुत्र नाही, ड्यूक नाही, काउंटही नाही. मी कूसीचा धनी' हे इथल्या घराण्याचं ब्रीद. तिसऱ्या एंगराँने तेराव्या शतकात बांधलेला मुख्य बुरूज 54 मीटर उंच होता आणि 31 मीटर रुंद. पॅरिसमधला राजाचा लूव्रचा बुरूज रुंदीला याच्या निम्मा! आता तिथे दगडांचा ढीग आहे. 1917 मध्ये माघार घेताना जर्मनांनी 28 टन स्फोटकं लावून तो उडवला. ढिगाऱ्यातला एकेक दगड पाहिला की अंदाज येतो.

आता तक्रार. गाइडने निम्मा वेळ बाराव्या शतकातला इथला धनी तोमा द मार्ल याच्या क्रौर्यावर घालवला. कैद्यांना कसं टांगायचा, कसे हाल करायचा, सगळं अगदी चवीने. व्हॅनमधली दोन पोरं पार हिरमुसली. पण हे लिहून ठेवणारा गिबेर किल्ल्याच्या पायथ्याच्याच मठाचा प्रमुख होता आणि दुसरा, सुजे, फ्रान्सचा राजा सहाव्या लुईचा खास सल्लागार. म्हणजे शेजारी आणि सरकार, दोघंही विरोधी पार्टीचे. तोमा काही सज्जन नव्हता, पण एवढं तरी सांगायला नको? चर्चने 1114 मध्ये त्याला बहिष्कृत केलं, म्हणून तर पुढच्या वर्षी राजाला त्याच्या गढ्यांवर चालून जायला धर्माचं कारण मिळालं. 1130 मध्ये तो जखमी होऊन मरणपंथाला लागला, तरी वाटेत पकडलेले व्यापारी सोडायला तयार नव्हता, असंही सुजेच सांगतो.

साडेतीन मिळाले ते याच घराण्यातल्या चौथ्या एंगराँच्या गोष्टीमुळे. ती गाइडने ढिगाऱ्याजवळ थांबून सांगितली, आणि छान सांगितली. जवळच्या मठात राहणारी तीन तरुण मुलं धनुष्यबाण घेऊन याच्या जंगलात शिरली. याने चौकशी न करता तिघांना फासावर चढवलं. राजा नवव्या लुईने 1259 मध्ये त्याला धरून आणलं. एंगराँ म्हणाला, द्वंद्वाने निकाल लावा, हा आमचा हक्क. राजा बधला नाही. दहा-बारा हजार लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दंड, मुलांसाठी चॅपेल बांधायची आणि जंगलातला फाशी देण्याचा अधिकार गेला. सरदारकीचं नाक कापलं ते इथे, वेढ्यात नव्हे.

जेवणाला अर्धाच तास देतात, डबा न्या. वारा फार, स्वेटर हवाच. आणि जायच्या आधी लूव्रच्या तळघरात राजाच्या बुरुजाचा पाया बघून घ्या, फरक नीट कळतो.