जिराचा बर्नडाउन चार्ट: आठ महिने रोज वापरल्यानंतर

आमची नऊ जणांची टीम पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. ठेवी, कर्जखाती, पिग्मीचा रोजचा भरणा, पावत्या. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत सगळं काम एक्सेलच्या शीटमध्ये होतं आणि "हे कधी होईल?" याचं उत्तर टीम लीड म्हणून मलाच अंदाजपंचे द्यावं लागायचं. मग आम्ही जिरावर, म्हणजे टीमची कामं नोंदवून ती कुठवर आली ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आलो. क्लाउडची फुकट योजना 10 जणांपर्यंत चालते, त्यामुळे पैशांचा प्रश्न आला नाही. दोन आठवड्यांचा एक, असे सोळा स्प्रिंट (ठरवलेलं काम ठरावीक मुदतीत संपवायचे टप्पे) झाल्यावर हे लिहितेय, कारण सुरुवातीचे दोन महिने आम्ही जो चार्ट बघत होतो तो चुकीचा होता आणि चूक आमच्या सेटअपमध्ये होती.

बर्नडाउन म्हणजे साधा आलेख. उभ्या अक्षावर उरलेले पॉइंट (काम किती मोठं आहे याचे टीमने लावलेले आकडे), आडव्या अक्षावर दिवस. करड्या रंगाची तिरकी रेषा समान गतीने काम संपलं तर कसं दिसेल ते दाखवते, लाल रेषा प्रत्यक्षात किती उरलंय ते दाखवते. आमची लाल रेषा पहिले चारही स्प्रिंट बारा दिवस जमिनीला समांतर चालायची आणि तेराव्या दिवशी कड्यावरून कोसळल्यासारखी खाली यायची. रोज स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीला, हा आलेख स्क्रीनवर. मुलं दिवसभर मान मोडून काम करत होती आणि चार्ट म्हणत होता की काहीच झालेलं नाही. दुसऱ्या महिन्यात लोकांनी तिकडे बघणंच सोडलं.

कारण बोर्डाच्या, म्हणजे कामं रकान्यारकान्याने पुढे सरकतात त्या पानाच्या, शेवटच्या रकान्यात होतं. जिराच्या या चार्टमध्ये काम संपलं असं तेव्हाच धरतात, जेव्हा तिकीट (एका कामाची नोंद) बोर्डाच्या सगळ्यात उजवीकडच्या रकान्यात जातं. आम्ही तिथे "प्रॉडक्शनवर गेलं", म्हणजे ग्राहकाच्या वापरात आलं, हा टप्पा ठेवला होता आणि आमचं रिलीज दर दुसऱ्या गुरुवारी. म्हणजे काम सोमवारी टेस्ट होऊन पास झालं तरी चार्टला ते दहा दिवसांनी कळणार. उपाय पाच मिनिटांचा निघाला: बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन "टेस्ट पास" आणि "प्रॉडक्शनवर" ही दोन्ही स्टेटस शेवटच्या एकाच रकान्यात टाकली. पाचव्या स्प्रिंटला रेषा पहिल्यांदा पायऱ्या उतरत खाली आली. तुम्ही नव्याने बोर्ड लावत असाल तर इतर काही करण्याआधी हे बघा.

दुसरी गोष्ट सब-टास्कची. आमच्या मुलांनी मोठ्या स्टोरीचे (एका पूर्ण कामाचे) तुकडे करून 3, 2, 3 असे पॉइंट त्या तुकड्यांवर, म्हणजे सब-टास्कवर, टाकले आणि मूळ स्टोरीवर काहीच नाही. बोर्डाच्या बेरजेत सब-टास्कचे पॉइंट धरले जात नाहीत. स्प्रिंट सुरू झाला तेव्हा चार्टवर अकरा पॉइंट, प्रत्यक्षात काम तिपटीचं. आता नियम एकच: पॉइंट फक्त स्टोरीवर, सब-टास्क म्हणजे नुसती कामाची यादी.

तिसरी चूक माझी एकटीची. प्रोजेक्ट उघडताना मी घाईत टीम स्वतः सांभाळते तो प्रकार निवडला, नंतर सगळी तिकिटं कंपनीच्या पातळीवरच्या प्रोजेक्टमध्ये हलवली. दोन्हीकडे पॉइंटचं फील्ड दिसायला सारखं, पण मुळात वेगळं. हलवल्यावर सगळ्या स्टोऱ्यांचे पॉइंट रिकामे दिसू लागले आणि दोन संध्याकाळी बसून जुनी आकडेवारी हाताने भरावी लागली. प्रकार आधीच ठरवून घ्या.

सुट्ट्याही भराव्या लागतात. त्या न भरल्यामुळे दिवाळीच्या आठवड्यात करडी रेषा उतरत राहिली, आम्ही घरी फराळ करत होतो आणि परत आल्यावर चार्टनुसार मागे पडलेलो होतो. बोर्डाच्या सेटिंगमध्ये कामाचे दिवस आणि सुट्ट्यांच्या तारखा टाकायची सोय आहे. आता गणपती, दसरा, पाडवा सगळं वर्षाच्या सुरुवातीलाच भरून ठेवलंय.

हे झालं चार्टचं. पण चार्टमध्ये जे आकडे जातात ते खरे कसे व्हायचे, हा मोठा भाग आहे आणि मला सगळ्यात जास्त फायदा तिथेच झाला. आम्ही प्लॅनिंग पोकर खेळतो. जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये मांडलेली ही पद्धत: प्रत्येकाने आपला आकडा मनात ठरवायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा, म्हणजे सीनियरचा आकडा ऐकून ज्युनियर आपला बदलत नाही. जिरात ही सोय मुळात नाही, वेगळं ॲप जोडावं लागतं. आम्ही तेही घेतलं नाही. टेबलावर कार्ड, घरून काम करणारे चॅटमध्ये आकडा लिहून ठेवतात आणि "तीन" म्हटल्यावर एंटर दाबतात.

एक स्टोरी होती: ठेव पावतीची मराठी पीडीएफ. सगळ्यांची कार्डं 3. सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलाचं 13. तो आधी गप्पच बसला. मी म्हटलं, "अरे, तेरा लावलेस ना, मग सांग की." त्याने लॅपटॉप फिरवला. आम्ही पीडीएफसाठी वापरत असलेल्या लायब्ररीने (तयार कोडने) खातेदाराचं नाव "विठ्ठल" छापलं होतं. ह्रस्व वेलांटी व-च्या पुढे जाऊन ठ-वर चढली होती आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेला ठ आणि पुढे सुटा ठ असे दोन तुकडे पडले होते. देवनागरी अक्षरं क्रमाने ओळीत ठेवून चालत नाहीत, त्यांची जुळणी करावी लागते आणि ती लायब्ररी ते करत नव्हती. ज्याच्या आयुष्याची पुंजी त्या पावतीवर आहे, त्याला त्याचंच नाव असं छापून द्यायचं? चर्चा होऊन आकडा 8 ठरला. शेवटी पावती एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब पानासारखी, मांडून ब्राउझरच्या इंजिनातून पीडीएफ काढायचं ठरलं, कारण ब्राउझर ही जुळणी नीट करतो. आकडे एकदम उघडले नसते तर त्या मुलाने मुकाट 3 म्हटलं असतं.

स्प्रिंट सुरू झाल्यावर वाढलेलं कामही आता लपत नाही. ग्राहकाचा फोन येतो, "एक छोटासा रिपोर्ट तेवढा घाला". घातला की लाल रेषा वर उडी मारते आणि खालच्या तक्त्यात तारखेसकट नोंद होते. एकदा 26 पॉइंट घेऊन निघालो आणि मधेच 9 वाढले. ते पान ग्राहकाला दाखवलं. त्यांनी स्वतःच दोन कामं पुढच्या स्प्रिंटला ढकलली, आवाज न चढवता.

एक धोका सांगते. पाच-सहा स्प्रिंटनंतर वरून मागणी आली की प्रत्येक डेव्हलपरचे पॉइंट वेगळे दाखवा. मी नकार दिला, पण बातमी टीममध्ये पोचली होती आणि पुढच्याच प्लॅनिंगला काल-परवापर्यंत 3 असलेली कामं 5 झाली. दोष मुलांचा नव्हता. पॉइंट हे टीमने टीमसाठी केलेलं माप आहे, त्यावर माणसं तोलायला लागलात की ते माप मोडतं. मी तसं लेखी कळवलं, मागणी मागे घेतली गेली, तरी आकडे पूर्ववत व्हायला दोन स्प्रिंट गेले.

तीन-चार जणांची टीम असेल, सगळे एकाच खोलीत बसत असतील, तर एवढा खटाटोप करू नका, भिंतीवरच्या चिठ्ठ्या पुरतात. आमच्यासारखे नऊ जण, त्यातले चार घरून आणि ग्राहक तीन जिल्ह्यांत, अशी स्थिती असेल तर जरूर लावा.

गेल्या महिन्यात रेषा पुन्हा चार दिवस सपाट राहिली. या वेळी सेटिंग बरोबर होतं. बोर्ड उघडला तर सात तिकिटं टेस्टिंगच्या रकान्यात अडकलेली आणि टेस्टर एकटी. ती म्हणाली, "ताई, मी गेल्या आठवड्यापासून नऊ वाजता निघतेय." दोन डेव्हलपर्सना त्याच दिवशी टेस्टिंगला बसवलं. शुक्रवारी रेषा उतरली आणि ती साडेसहाला घरी गेली.