कॉकर स्पॅनियल घरात असेल तर आधी कान बघणारा ग्रूमर शोधा (जळगाव)

आमच्याकडे गुळ्या आहे, इंग्लिश कॉकर स्पॅनियल, गुळाच्या रंगाचा म्हणून गुळ्या, आता पावणेदोन वर्षांचा. महाबळकडे ज्या ग्रूमिंगवाल्या दादांकडे आम्ही वर्षभर जातोय त्यांचा हा रिव्ह्यू आहे, पण आधी काय भोगलं ते सांगते म्हणजे पाच स्टार का दिले ते कळेल.

मागच्या उन्हाळ्यात दुसरीकडे नेला होता. आपल्याकडचं ऊन माहितीच आहे, पारा ४५ च्या घरात, तिथला माणूस बोलला "मॅडम झिरो मारून देतो, गार वाटेल त्याला" आणि आम्हीपण हो म्हटलं. पार कातडीपर्यंत मशीन फिरवली. ते केस उन्हापासून कातडी वाचवतात हे कोणी सांगितलंच नाही, आणि परत आले ते रेशमी नाही, कापसासारखे, सारखा गुंता. त्याहून वाईट म्हणजे अंघोळीचं पाणी कानात राहिलं. चार दिवसांनी डोकं झटकायला लागला, कानाला आंबूस वास, आत तपकिरी मळ, हात लावला की कळवळायचा. तीन आठवडे ड्रॉप्स घातले. मुलगा रोज संध्याकाळी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायचा, मला बघवायचं नाही.

आताच्या दादांनी पहिल्या दिवशी कात्रीला हातच लावला नाही. गुळ्याला दहा मिनिटं सगळं हुंगू दिलं, मग कान उलटा करून नाकाजवळ नेऊन वास घेतला, नंतर टॉर्च मारला. मला समजावलं की कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यात स्पॅनियलला वरून एवढं लांब जड झाकण, म्हणजे ओल गेली की निघत नाही. नळीच्या तोंडाजवळचे केस बारीक करतात, वारा लागावा म्हणून. क्लीनर टाकून कानाच्या बुडाशी हलकं चोळतात, पचपच आवाज येतो, मग त्याला डोकं झटकू देतात आणि वर आलेला मळ तेवढा कापसाने पुसतात. बड आत घालत नाहीत. कान लाल दिसला तर मनाने औषध टाकत नाहीत, सरळ डॉक्टरांकडे पाठवतात. एकदा आम्हाला तसंच पाठवलं आणि त्या दिवशीचे पैसेपण घेतले नाहीत.

दिवाळीच्या आधी मेहरूण तलावाकडून फिरून आला की पंजात कुसळं. ती बोटांच्या मधे रुततात, दादांनी एक काढून दाखवलं, बारीक भाल्यासारखं, पुढेच सरकत जातं. तेव्हापासून घरी आल्यावर आधी चारही पंजे आणि कान बघायचे असा नियमच केलाय. जेवायला निमुळतं खोल भांडं पण त्यांनीच सुचवलं, कान बाहेर लोंबतात, वरणात भिजत नाहीत.

तक्रारी पण आहेत. रविवारी दिलेली वेळ कधीच पाळली जात नाही, दीड तास थांबावं लागलंय. ड्रायरचा आवाज फार मोठा, गुळ्या थरथरतो. आणि लाइट गेली की काम बंद, इन्व्हर्टर घ्या हो दादा. पूर्ण ग्रूमिंगचे ११०० घेतात, कटिंग सहा-आठ आठवड्यांनी, कान मात्र आम्ही घरी दर आठवड्याला बघतो.

ज्यांना आता स्पॅनियल घ्यायचंय त्यांना मनापासून सांगते, फोटोतले कान बघून घेऊ नका. ही शिकारी जात आहे, झुडपातून पक्षी उठवायला तयार केलेली, तलावावर बगळा दिसला की गुळ्या दोरीसकट ओढतो. आमच्या सासूबाई पहिल्याच दिवशी बोलल्या, "हाई कुत्रं शे का वावधन शे?" म्हणजे हे कुत्रं आहे का वादळ! रोज तासभर तरी पळवावं लागतं, मे महिन्यात पहाटे साडेपाचला, डांबरावर हाताची उलटी बाजू ठेवून बघायची, आपल्याला चटका बसला तर त्याला पण बसतो. दुपारी घरात त्याच्या खाण्यातले दाणे लपवून शोधायला लावा, नाकाचं काम मिळालं की शांत झोपतो. एकटा ठेवला तर गादी फाडेल. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू देत असतील तर घेऊ नका, ते नियमातच बसत नाही, आणि पिल्लू त्याच्या आईजवळ बघून घ्या, ती अंगावर येत असेल किंवा लपत असेल तर निघा.

आणि हिवाळ्यात भरीत पार्टीला नेलात तर ताटापासून लांब ठेवा, भरतात कांद्याची पात आणि लसूण असतो, दोन्ही कुत्र्याला विषारी. आमच्याकडे पाहुण्यांनी प्रेमाने घास भरवला होता, मी तिथेच ओरडले. दादांकडे जायचं तर मंगळवार-बुधवारी सकाळची वेळ घ्या, तेव्हा गर्दी नसते आणि ते निवांत कान बघतात.