आधी ‘चिप वॉर’ की ‘ॲपल इन चायना’?

तंत्रज्ञान-उद्योगावरचं एकच जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचून होणार असेल, तर मी ‘ॲपल इन चायना’ (२०२५) घेईन. गाजावाजा ‘चिप वॉर’चा (२०२२) जास्त झाला, आणि तो अस्थानी नव्हता, तरीही.

‘चिप वॉर’ ही कॉम्प्युटर-मोबाइलमधल्या चिपच्या धंद्याची गोष्ट; लेखक क्रिस मिलर इतिहासाचे प्राध्यापक. व्हिएतनाममधला थान होआ पूल शेकडो बॉम्ब टाकूनही पडत नव्हता, तो १९७२ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आणि लेझरच्या साहाय्याने नेम धरणाऱ्या बॉम्बनी कसा पडला, हे ते फार रंगवून सांगतात. अमेरिकेत वरचं पद हुकलेल्या मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये तैवानात टीएसएमसी ही कंपनी काढली. डिझाइन दुसऱ्यांचं, आम्ही फक्त चिप बनवणार, एवढाच बेत. आज सगळं जग त्यावर टेकलंय. अडचण दोन ठिकाणी आहे. प्रकरणं आखूड, त्यामुळे माणसं ओळखीची होईपर्यंत निघून जातात. आणि एआयसाठी चिप मिळवण्याची झुंबड उडाली ती पुस्तक बाजारात आल्यानंतर.

पॅट्रिक मॅक्गी यांनी ‘फायनान्शियल टाइम्स’साठी ॲपलचं वार्तांकन केलंय. त्यांचा मुद्दा असा: ॲपल चीनमध्ये नुसत्या स्वस्त मजुरीसाठी टिकली नाही. तिने आपले इंजिनिअर पुरवठादारांच्या कारखान्यांत नेऊन बसवले, महागडी मशिनरी स्वतः घेऊन तिथे लावली, आणि त्यांचं मार्जिन (नफा) मात्र पिळून काढलं. पुरवठादारांनी ते सोसलं, कारण काम शिकायला मिळत होतं. तेच कसब पुढे हुआवे, शाओमीच्या कामी आलं. २०१५ च्या सुमारास ॲपलची चीनमधली गुंतवणूक वर्षाला ५५ अब्ज डॉलर होती, असा कंपनीचा अंतर्गत अंदाज ते देतात.

भोसरी-चाकणला जॉबवर्क करणाऱ्याला हे वाचताना आपलाच कस्टमर आठवेल: रेट पाडणारा, ऑडिटला येऊन डोकं खाणारा, पण सोडवतही नाही असा. तमिळनाडू-कर्नाटकात आयफोनची जुळणी सुरू झाली म्हणून खूश होणाऱ्यांनी तर वाचावंच. जुळणी आणि सुटे भाग बनवणं यांतलं अंतर किती मोठं आहे ते इथे कळतं. लेखक चीनच्या प्रगतीचं श्रेय ॲपलच्या पदरात जरा जास्तच टाकतात. चिनी सरकारची धोरणं आणि तिथल्या इंजिनिअरांची स्वतःची धडपड मागे पडते.

इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांनी किंवा सेमीकंडक्टरचे शेअर घेऊन बसलेल्यांनी मात्र क्रम उलटा करावा. डच कंपनी एएसएमएलच्या चिप बनवायच्या यंत्रात कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला ५०,००० वेळा लेझर मारतात, तो भाग मिलर यांनी इतका सोपा केलाय की वर्गातही कुणी करणार नाही.

फेसबुकच्या माजी अधिकारी सारा विन-विल्यम्स यांचं ‘केअरलेस पीपल’ (२०२५) बाजारात आलं तेव्हा हातोहात फिरलं. मेटाने (फेसबुकची मूळ कंपनी) लवादाकडे जाऊन लेखिकेला पुस्तकाचा प्रचार करायला मनाई मिळवली, आणि खप उलट वाढला. वाचायला झकास, दोन बैठकांत संपतं. पण ही एकाच बाजूची आठवण आहे, कंपनीने आरोप नाकारलेत. धंद्याचं गणित त्यात शोधू नका. मित्राकडून मागून आणा.