विंडोजमधली फाइल हिस्ट्री : दिवाळी अंकाचा हंगाम काढल्यानंतर

दिवाळी अंकाचं संपादन करताना एकेका लेखाची फाइल कितीतरी वेळा हाताखालून जाते. लेखक दुरुस्त्या कळवतात, मुद्रितशोधक खुणा करून पाठवतात, जाहिरात आली की मजकूर कापायचा, जाहिरात रद्द झाली की पुन्हा वाढवायचा. अशा कामात फक्त शेवटची प्रत सुरक्षित असून भागत नाही, मधला प्रत्येक टप्पा जपलेला लागतो. साहित्य यायला सुरुवात झाली तेव्हा, म्हणजे जूनमध्ये, विंडोज ११ वर फाइल हिस्ट्री, म्हणजे बदललेल्या फाइलींच्या प्रती ठरावीक वेळानं आपोआप दुसऱ्या डिस्कवर ठेवणारी सोय, सुरू केली. आता अंक विक्रीला गेलाय, त्यामुळे निवांत लिहिता येईल.

त्याआधी बाकीचे पर्याय पाहिले होते. वर्डमधलं ऑटोरिकव्हर दर १० मिनिटांनी प्रत ठेवतं, पण ते वर्ड अचानक बंद पडलं तर उपयोगी. फाइल नीट सेव्ह करून बंद केली की ती प्रत जाते. वर्डच्याच सेटिंगमध्ये बॅकअप प्रत ठेवण्याची एक खूण आहे, तिच्यातून फक्त आधीच्या सेव्हची एकच प्रत मिळते. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली ठेवायची सेवा, वैयक्तिक खात्यावर शेवटच्या २५ आवृत्त्या ठेवते. हे चांगलंच आहे, पण ऑटोसेव्ह चालू असेल तर लांबलचक लेखावर त्या भराभर संपतात. शिवाय सिंक (दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवणं) म्हणजे बॅकअप असं मी मानत नाही. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते, मग रीसायकल बिनमधली मुदत संपायच्या आत लक्षात आलं तर ठीक.

फाइल हिस्ट्री विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून विंडोजमध्येच आहे. वेगळे पैसे नाहीत, खातं उघडायला नको, इंटरनेटही लागत नाही. एक बाहेरची हार्ड डिस्क हवी. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये शोधत बसू नका, कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टम अँड सिक्युरिटीखाली ती सापडते. सुरू केल्यावर लगेच ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जा. मुळात दर तासाला प्रत घेतली जाते, मी ते १० मिनिटांवर आणलं. जुन्या प्रती किती काळ ठेवायच्या तिथे 'कायम' असं असतं, ते तसंच राहू दिलं.

एक अडचण लगेच येते. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असे ठरावीक फोल्डरच ती धरते, आणि माझं सगळं काम डी ड्राइव्हवर. विंडोज ११ मध्ये नवीन फोल्डर जोडायचं बटण नाही. उपाय असा : आपल्या फोल्डरवर राइट क्लिक, शो मोअर ऑप्शन्स, इन्क्लूड इन लायब्ररी, डॉक्युमेंट्स. फोल्डर जागेवरच राहतो आणि त्याच्याही प्रती घेतल्या जायला लागतात. हे केल्यावर दुसऱ्या दिवशी डिस्क उघडून प्रती खरंच येताहेत का ते स्वतः बघा.

खरी कसोटी सप्टेंबरमध्ये लागली. एका ज्येष्ठ लेखिकेचा फोन आला, "गिरणीवरचा तो परिच्छेद मीच काढायला लावला होता, पण आता त्याच्याशिवाय लेख लंगडा वाटतोय हो. तुमच्याकडे असेल का?" म्हटलं, "ताई, पाच मिनिटं द्या." फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं, प्रीव्हियस व्हर्जन्सवर गेलो. तारीखवार यादी समोर आली. ऑगस्टच्या मध्यातली प्रत उघडली तर परिच्छेद जागेवर होता, तोही मुद्रितशोधन झालेला. ताईंची मूळ ईमेल माझ्याकडे होतीच, पण तिच्यातला परिच्छेद घेतला असता तर ऱ्हस्वदीर्घापासून सगळं पुन्हा तपासावं लागलं असतं. त्या दिवसापासून माझा या साधनावर विश्वास बसला.

मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रती साध्या फाइलींच्या रूपात राहतात. कुठल्याही संगणकाला डिस्क लावा, फाइल हिस्ट्री नावाचा फोल्डर उघडा, आत तुमची वर्डची फाइल तुमच्याच नावानं असते. नावापुढे कंसात तारीख आणि वेळ येते, उदाहरणार्थ '२०२५_०८_११ ०६_१२_४५ यूटीसी'. यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. ही वेळ आपली नव्हे, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे ही प्रत सकाळी पावणेबाराच्या सुमाराची. घाईत शोधताना हे ध्यानात नसेल तर माणूस भलतीच प्रत उघडतो.

उणिवाही आहेत. प्रत्येक वेळी पूर्ण फाइलची प्रत होते, फक्त बदललेला भाग साठवला जात नाही. मजकुराच्या फाइली लहान असतात म्हणून मला त्रास झाला नाही. पण पानं लावणाऱ्यांच्या इनडिझाइन किंवा फोटोशॉपच्या फाइली शेकडो एमबींच्या असतात, १० मिनिटांचं सेटिंग ठेवलं तर डिस्क बघता बघता भरेल. त्यांनी दर तासावरच ठेवावं किंवा वेगळं साधन पाहावं. फाइलचं नाव बदललं की ती नवी फाइल ठरते, जुन्या प्रती जुन्या नावाखाली शोधाव्या लागतात. म्हणून आता लेखाचं नाव पहिल्या दिवशी ठरवतो आणि अंक होईपर्यंत बदलत नाही. विंडोज आणि त्यातले प्रोग्रॅम यात येत नाहीत, ते नव्याने टाकावे लागतात.

आणि डिस्क सतत जोडलेली असणं हा धोकाच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली अडकवून खंडणी मागणारं रॅन्समवेअर पसरलं तेव्हा जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद होत होत्या. म्हणून मी दुसरी एक डिस्क ठेवली आहे. दर रविवारी पूर्ण फोल्डर तिच्यावर कॉपी करतो आणि ती काढून भावाच्या घरी ठेवतो. हे काम फाइल हिस्ट्री आपल्यासाठी करत नाही.

मॅक वापरणाऱ्यांकडे २००७ पासून टाइम मशीन ही अशीच बॅकअपची सोय आहे, त्यांनी तेच लावावं. विंडोजवर मजकुराचं काम करणाऱ्या अनुवादक, संपादक, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र मी फाइल हिस्ट्रीच सुचवतो. पुढच्या अंकाचं साहित्य मागवायला लागेन तेव्हा डिस्क मोठी घेणार आहे, सेटिंग हेच राहील.